हबीबचा जोड

वाटूरमध्ये कुणाला घरच्या नेटची कंपनी बदलायची असली की पहिला चहा मला मिळायचा. मी जुन्या कंपनीचा वायरमन. बदलणारा माणूस आधी कंपनीच्या नंबरवर एक दाबा, तीन दाबा करून थकलेला असायचा. मग तिकडची गोड बोलणारी बाई त्याला सांगायची की आपल्या भागातील प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील. तो प्रतिनिधी म्हणजे मीच. "रंगनाथभाऊ, या की जरा घरी," असा फोन आला की मी ओळखायचो. नुसता चहा आला तर माणूस अजून डळमळतो आहे. चहाबरोबर चिवडा आला तर त्यानं नव्या कंपनीची वायर खिडकीपर्यंत आणून ठेवलेली आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला 'तांब्याच्या तारेपासून फायबरपर्यंत' असं काही लिहायला सांगितलं होतं. नोकरी कधी लागली, बदल्या कुठं झाल्या, हे मी लिहिणार नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका गल्लीत असं ठरलं, की हबीब जॉइंटरचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. ते खोटं आहे, आणि ते खरं वाटलं ते माझ्यामुळं. बाकीचं जे काही लिहितो आहे ते एवढं एक नीट सांगता यावं म्हणून. मधेच जुन्या दिवसांत रमलो तर म्हाताऱ्याला समजून घ्यावं.

हबीब आणि मी दोघंही टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या केबलची टोकं जोडणारा. मनगटाएवढ्या जाड केबलीत तांब्याच्या तारांच्या शेकडो जोड्या. या टोकाची कुठली तार त्या टोकाच्या कुठल्या तारेला, हे चुकलं की तहसीलदारांचा फोन कापसाच्या जिनिंगमध्ये वाजायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा खणायचा, वर ताडपत्री, आणि आत दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसणार, पुढ्यात केबल. मी डावखुरा, डावीकडं बसायचो; हबीब उजवा, उजवीकडं. त्यामुळं आमची कोपरं एकमेकांना लागत नसत. बाकीच्या जोड्या तासाभरात भांडायच्या. आम्ही दिवसभर बसायचो आणि संध्याकाळी एकाच सायकलवर परतायचो. साहेबलोकांना ते ठाऊक होतं. जिल्ह्यात कुठंही मोठी केबल तुटली की आमची दोघांची नावं बरोबरच निघायची.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी उसळायची. तेव्हा तिथं तात्पुरते फोन लावायलाही आम्हीच. एकदा रांगेतल्या एका पागोटेवाल्यानं खड्ड्यात डोकावून विचारलं, "काय भाऊ, गणपतीला फोन बसवून राह्यले काय?"

हबीब तार सोलता सोलता म्हणाला, "व्हय काका. पन तुम्ही रांग सोडू नका. त्याला फोन उचलायला लई येळ लागतो."

सगळी रांग हसली होती. तेव्हा हबीबची दाढी काळी होती.

त्याच्यासारखा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. जोडलेल्या तारांचा पुंजका मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं बांधायचा असतो. त्याची एक ठरावीक गाठ आहे. एकदा ओढली की बसते, पुन्हा हलत नाही. ती मला हबीबनंच शिकवली. पण मी डाव्या हातानं मारायचो, म्हणून माझी गाठ उलट्या बाजूला बसायची. "तुझी गाठ आरशात बघून मारल्यावानी दिसती," असं तो म्हणायचा. मेणाच्या दोऱ्याचं रीळ आम्हा दोघांच्याही खिशात कायम. केबल गेली, खड्डे गेले, पण रीळ खिशातून गेलं नाही. निवृत्त झाल्यावरही बायकोच्या लोणच्याच्या बरणीचं फडकं मी त्याच दोऱ्यानं बांधायचो.

खात्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा आम्ही एकाच दिवशी फॉर्म भरले. घरी बसून दोघांनाही करमेना. तोवर गावात फायबर आलं होतं. मी एका खाजगी कंपनीकडं लागलो. दोनेक वर्षांनी दुसरी कंपनी आली, तिनं हबीबला घेतलं. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार, तिच्यातून उजेड जातो. पहिल्या दिवशी शिकवायला आलेला माणूस आम्हाला तारांचे रंग पाठ करायला सांगत होता. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मी हसलोच. तांब्याच्या केबलीतही हाच क्रम होता. वाटलं, आपल्यासाठीच ठेवलाय.

काचेच्या तारेचं एक लक्षात ठेवायचं. तिला जोरात वाकवायची नाही. बांगडीएवढं वेटोळं चालतं, त्याहून लहान केलं की वळणावर उजेड बाहेर सांडतो. तार तुटत नाही, वरून काही दिसतही नाही, फक्त पुढं पोचणारा उजेड कमी होतो. तुटलेली तार घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा दाखवते, लगेच कळतं. वाकलेली तार काही सांगत नाही. नेट येतं, जातं, पुन्हा येतं. माणूस डब्याला शिव्या देतो, कंपनीला शिव्या देतो. ही माहिती सगळ्यांना असावी म्हणून सांगत नाही. पुढं लागणार आहे.

आता बदलण्याबद्दल. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे लोकांना माहीत असतं. घरच्या फायबरचं तसं नाही. इथं कंपनी बदलायची तर खांबापासून घरापर्यंतची वायरच दुसरी, भिंतीला भोक दुसरं, डबाही दुसरा. जुनी लाईन बंद करा असा अर्ज करायचा, आमचा डबा परत द्यायचा, मगच तिकडचं बिल थांबणार. आणि तो डबा परत न्यायला येणार कोण? मीच. म्हणजे गिऱ्हाईक सुटणं माझ्या पायांवर अवलंबून. मालकांनी सांगितलं होतं, भांडू नका, नाही म्हणू नका, फक्त दिवस जाऊ द्या. मला त्यात गती होती. "वरून कोड आला न्हाई," "डबे जमा करनारा जालन्याला गेल्ता," "सोमवारी बघू." चौथ्या सोमवारी बहुतेक माणसं दमायची आणि म्हणायची, जाऊ द्या, हेच चालू द्या. या कामाचा मला अभिमान वाटायचा, हे आज लिहितानाही लपवत नाही.

नमुने पण भेटले. एका निवृत्त तलाठ्यांनी बदलीचा अर्ज तीन प्रतींत लिहून दिला आणि एकीवर माझी पोच घेतली. मी पोच दिली आणि सवयीप्रमाणं विसरलो. आठव्या दिवशी ते वही घेऊन माझ्या दारात हजर. वहीत माझ्या प्रत्येक सबबीपुढं वेळ टाकलेली. "रंगनाथराव, परवा दुपारी तुम्ही जालन्याला होतात असं म्हणता, आणि चार वाजता मी तुम्हाला फाट्यावर भजी खाताना पाहिलं." अख्ख्या गावात वेळेत सुटलेला तो एकच माणूस. एका घरी डबा देवघरात होता, कारण सॉकेट तिथंच होतं. मी डबा काढायला लागलो तशी घरधनीण म्हणाली, "चार वर्सं झाले, देवापुढं तेवढा एक दिवा रातभर जळतो. आता काय देव अंधारात बसवू?" ती गेली नाही, आमच्याच कंपनीत राहिली. तीर्थपुरीच्या एका कापडवाल्यानं तर दोन्ही कंपन्यांचे डबे शेजारी शेजारी ठेवले होते. एक बंद पडला की तो आम्हा दोघांनाही फोन करायचा आणि आधी पोचेल त्याची वाहवा करायचा. हबीब आणि मी आधीच ठरवून एकाच गाडीवर जायचो आणि दाराशी भांडण्याचं सोंग करायचो. तो शेवटपर्यंत फसत राहिला.

म्हणजे कंपन्या दोन झाल्या तरी आमचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते इंदूबाईंच्या घरी.

इंदूबाई मारुती गल्लीत राहतात. शेत आहे, घरात नवरा-बायको दोघंच. मुलगी मंगल परभणीला दिली आहे. मंगलला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी हातांनी बोलतात. रोज दुपारी दोन वाजता, जेवणं उरकली की, इंदूबाई मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात आणि अर्धा-पाऊण तास त्यांचे हात थांबत नाहीत. मी ते पाहिलेलं होतं. ज्याला ऐकू येतं त्याचं नेट अडकलं तर तो साधा फोन लावतो. मंगलला तो रस्ताच नाही. चित्र अडकलं की आईचा हात हवेत तसाच राहतो, आणि बोलणं तिथंच तुटतं.

त्या गल्लीत आमच्या एका तारेवर आम्ही गरजेपेक्षा जास्त घरं लटकवली होती. दुपारी चित्र अडकायचं. इंदूबाईंनी अर्ज दिला. मी बावीस दिवस काढले. शेवटी त्या म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, तुम्ही बोलता लई गोड. पन मंगलचे हात मला अर्धेच दिसून राह्यले. मी काही आता थांबत न्हाई." त्यांनी आमची लाईन चालू असतानाच नवी घेतली. जोड हबीबनं मारला.

मी डबा आणायला गेलो तेव्हा गल्लीतल्या तीन-चार बाया तिथं बसल्या होत्या. हबीबही होता, काम आवरत. इंदूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हात बघा हबीबभाईचा. एका दमात चित्र आरशावानी. रंगनाथभाऊ, तुम्ही शिकून घ्या की यांच्याकडून."

हबीब ओशाळला. "अहो ताई, आम्ही दोघं एकाच खड्ड्यातले. त्याचा हात माझ्यापेक्षा कमी न्हाई."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. चार दिवस ते माझ्यासोबत जेवलं. आयुष्यभर आमची नावं बरोबर घेतली गेली होती. आज पहिल्यांदा कुणीतरी मधे रेघ ओढली, आणि ती बरोबर जागी ओढली होती. तेच सोसलं नाही. मला कुणी काही करायला सांगितलेलं नव्हतं. मालकांना तेव्हा पत्ताही नव्हता.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी खांबाला शिडी लावली. तिथं नव्या कंपनीची पेटी आहे, हबीबनं लावलेली. खाकी शर्टातला म्हातारा वायरमन शिडीवर चढला तर गावात कुणी विचारत नाही. पानटपरीवाला खालून फक्त म्हणाला, "काका, उन्हाचं कशाला? सायंकाळी करा की." मी म्हणालो, "अर्जंट आहे." पेटी उघडली. आतली मांडणी पाहिली आणि हात क्षणभर थांबला. इतकी देखणी वेटोळी होती, एकावर एक, सगळी एका मापाची. इंदूबाईंची तार मी सोडवली, पेन्सिलीएवढ्या जाडीत चार वेढे दिले आणि खिशातल्या दोऱ्यानं बांधून टाकली. तोडली नाही. तोडली असती तर लगेच सापडली असती.

पुढचे नऊ दिवस इंदूबाईंचं चित्र येत राहिलं आणि जात राहिलं. हबीब दोनदा आला. त्यानं घरातला डबा बदलला, घराकडचा जोड पुन्हा मारला, घरातली वायर नवी ओढली. पेटी त्यानं उघडली नाही. पेटीतला जोड त्याचा स्वतःचा होता आणि त्याला आपल्या हाताची खात्री होती. नवव्या दिवशी मंगल तान्ह्या लेकराला घेऊन परभणीच्या एसटीनं एकटी वाटूर फाट्यावर उतरली. चित्रात आई तोंड उघडून थांबलेली तिनं दोनदा पाहिली होती, आणि घरात काहीतरी घडलंय, आपल्यापासून लपवतात, असं तिला वाटलं होतं. आई धडधाकट आहे हे पाहून ती ओसरीवरच बसली आणि रडली. इंदूबाईंनी त्याच संध्याकाळी कंपनीच्या जालन्याच्या ऑफिसला फोन करून जे बोलायचं ते बोलून घेतलं.

दहाव्या दिवशी जालन्याहून एक साहेब आले, सोबत हबीब. मी टपरीपाशी उभा होतो. हबीब खांबावर चढला, पेटी उघडली आणि आत बघत राहिला. बराच वेळ. मग हात घालून काहीतरी केलं, मीटर लावला, खाली उतरला. गल्लीत दहा-बारा माणसं जमली होती. साहेबांनी तक्रारीचा कागद पुढं केला आणि विचारलं, "बिघाड काय होता?" त्या कागदावर कारणाच्या रकान्यात कुणीतरी तार छेडली असं लिहिलं असतं तर पोलिसात तक्रार गेली असती.

हबीब म्हणाला, "जोड खराब होता साहेब. माझी गलती."

आणि त्यानं ते लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. तो लिहीपर्यंत सगळे गप्प उभे होते. मीही.

कंपनीनं त्याला कामावरून काढलं. इंदूबाईंच्या शेजारच्या सोजरबाई म्हणाल्या, "आता वय झालं हबीबभाईचं. हात थरथरत असंल." दुसऱ्या दिवशी ते टपरीवर होतं, आठवड्यात बाजारात. नंतर शाळेनं आपल्या लाईनीसाठी दुसरा माणूस बोलावला. लग्नाच्या मांडवात माईकच्या वायरी जोडायलाही त्याला कुणी विचारेना. ज्या हाताला साऱ्या तालुक्यानं मानलं होतं, त्याच्याकडं लोक दयेनं बघू लागले. तो बाजारात पिशवी उचलायचा तेव्हा माणसं त्याच्या बोटांकडं बघायची. मी पाहिलं आहे.

इंदूबाईंचा नव्या कंपनीवरचा भरवसा उडाला होता, त्या आमच्याकडं परत आल्या. जोड मीच मारला. दरम्यान मालकांनी गल्लीत दुसरी तार टाकली होती, त्यामुळं चित्र आता चांगलं येत होतं. "तुमचाच हात बरा म्हनायचा," इंदूबाई म्हणाल्या. मंगल अजून माहेरीच होती. तिनं माझ्याकडं पाहून हात छातीशी नेला आणि पुढं केला. आई म्हणाली, "तुमचे आभार मानून राह्यली." मी बशीतला चिवडा खाल्ला आणि निघालो.

चार दिवसांनी हबीब मला फाट्यावर भेटला. मंठ्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होता. त्यानं पाकिटातून दोऱ्याचा एक तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गाठ सोडवलेली नव्हती, दोरा बाजूनं कापलेला होता.

"गाठ आजून उल्टीच मारतो तू," एवढंच म्हणाला. गाडी आली, तो चढला.

पुढं तीन वर्षं आमचा रामराम-सलाम चालू राहिला, बोलणं संपलं. त्या दिवसांत मला सतत जुनं आठवायचं. ताडपत्रीखालचा पिवळा उजेड, मेणाचा वास, दुपारी त्याच्या डब्यातली आंबट चटणी आणि माझ्या डब्यातली भाकर. तो चटणीवाला डबा माझ्याकडं सरकवायचा आणि म्हणायचा, "जल्दी खा, तहसीलदार वाट बघून राह्यला." असला आनंद मला पुढं कशात मिळाला नाही, आणि तो मी स्वतःच्या हातानं संपवला.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन हबीबच्या घरी गेलो. भाभींनी पाणी दिलं आणि आत गेल्या. मी म्हणालो, "सगळं लिहितो. तुझं नाव घालू का?"

त्यानं पत्र चष्मा वर करून वाचलं. "हे पुस्तक कोन वाचनार?"

"लोक वाचतात. पुण्या-मुंबईचे."

"त्यांनी कवा पाह्यला माझा हात?" तो म्हणाला. "त्यांना काय फरक पडतो? मारुती गल्लीत सांग. सोजरबाईला सांग."

मी मान खाली घातली. मग विचारलंच. "त्या दिवशी तू साहेबाला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाचवलं असं समजू नको रंगा." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी खाली उतरलो तवा तू टपरीपाशी होता. दहा पावलं. मी कागद हळूहळू लिहिला. बिलकुल शाळेतल्या पोरावानी. तुला टाइम देऊन राह्यलो होतो. मला वाटलं, येईल. म्हनंल, साहेब, थांबा. कागद संपला, तू आला न्हाई." मग पत्राची घडी घालत म्हणाला, "आठ दिवस मी घरी पन वाट पाह्यली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इंदूबाईंकडं गेलो. दोन वाजत आले होते, मोबाईल तांब्याला टेकवून झाला होता. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. दोन वाक्यं ऐकली आणि त्यांनी हात वर केला. "थांबा. मला एकटीला सांगू नका. ज्यांना त्रास झाला त्या आम्ही दोघी हावोत. मंगल येऊ द्या."

मंगल पडद्यावर आली. मी तोंडानं बोलत गेलो आणि इंदूबाई हातांनी तिला सांगत गेल्या. मंगलनं प्रत्येक माणसाला हाताची एक खूण ठेवलेली आहे. हबीब म्हणजे हनुवटीवरून दाढी कुरवाळणं. मी म्हणजे डावा हात वर. शिडी, पेटी, पेन्सिल, दोरा. मी केलेलं कृत्य पहिल्यांदा कुणीतरी हवेत मांडून दाखवत होतं, आणि डावा हात पुन्हा पुन्हा वर जात होता.

मंगलनं काहीतरी विचारलं. इंदूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ती इचारून राह्यली, तिला ऐकू येत न्हाई हे तुम्हाला तवा माहीत होतं का?"

"होतं," मी म्हणालो.

इंदूबाईंनी सांगितलं. मंगलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले. चित्र अगदी स्वच्छ होतं, अडकलेलं नव्हतं.

इंदूबाईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. "चला," म्हणाल्या. त्यांनी मला गल्लीतल्या सगळ्या घरी नेलं. प्रत्येक दारात त्या मागं उभ्या राहिल्या आणि मी बोललो. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लावलं. टपरीवाला म्हणाला, "काका, मी तर तुम्हाला शिडीवर पाह्यलं होतं." सोजरबाई कपाळाला हात लावून बसल्या. "माझ्या तोंडाला काय झाल्तं! हात थरथरतो म्हनून मीच बोलले व्हते."

"मंग आता डोळ्यानं बघा," इंदूबाई म्हणाल्या. "मी परत कंपनी बदलून राह्यले. आन जोड हबीबभाईच मारतील."

नव्या कंपनीचा वायरमन तार जोडायचं मशीन घेऊन आला तेव्हा म्हणाला की बाहेरच्या माणसाला मशीनला हात लावू देता येत नाही, नियम आहे. इंदूबाई म्हणाल्या, "मंग वायर गुंडाळा आन जा." त्यानं मशीन स्टुलावर ठेवलं. हबीब आला. घरून निघायला तयार नव्हता, भाभींनी पाठवला. गल्लीत खुर्ची टाकली होती. त्यानं चष्मा पुसला, तार सोलली, स्पिरिटच्या कापसानं पुसली, टोक कापलं आणि मशीनमध्ये ठेवली. माझे डोळे त्याच्या बोटांवर होते, आणि मला ठाऊक आहे, सगळ्यांचेच होते. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं जवळ आली, ठिणगी पडली, जोडात किती उजेड वाया जातो त्याचा आकडा आला.

सोजरबाई पुढं वाकल्या. "किती आलं?"

"शून्य," वायरमन म्हणाला. "तार तुटलीच नव्हती असा जोड आहे. याच्यापुढं काही नसतं, मावशी."

हबीबनं तार पेटीत ठेवण्यासाठी वेटोळी घातली, सावकाश, बांगडीएवढी. घरात फोन लावला तेव्हा मंगलनं हनुवटीवरून हात फिरवला. हबीबनं सलाम केला. मी त्याच्या मागं उभा होतो. माझ्यासाठी तिनं काही खूण केली नाही, आणि ते योग्यच होतं.

त्या दिवसांत हा लेख लिहायचा राहून गेला, म्हणून उशिरा पाठवतो आहे. लिहायचं होतं ते एवढंच. हबीबचा जोड खराब नव्हता. ना त्या दिवशी, ना त्याआधी कधी.

त्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो तेव्हा सोजरबाई हबीबपुढं येऊन उभ्या राहिल्या. "हबीबभाई, आमच्याकडं कवा येता? आमचं पन बदलायचं."

"उद्या दहाला," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, मशीनचं झाकण लावता लावता म्हणाला, "रंगा, तू पन ये. यांचा जुना डबा तुझ्याच कंपनीचा आहे. तो तूच काढ."

मी सकाळी पावणेदहालाच सोजरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.